पगार किती भेटतो?

परवा संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी अंगणात येऊन उभा राहिला. सोबत त्याची मुलगी. आमच्या निडीला गाडीतून कोण उतरले हे घरबसल्या कळते, इतके हे स्टेशन छोटे. पण हा आला रिक्षाने. रिक्षा त्याचीच, नागोठण्याच्या नाक्यावर चालवतो. मुलगी यंदा बारावी झाली, कला शाखेतून, गुणही चांगले. तिला तालुक्याच्या महाविद्यालयात बी.ए. करायचे आहे, भूगोल घेऊन. पेढ्याचा पुडा माझ्या हातात दिला, पाया पडणे झाले, चहा झाला. मग बाप मूळ मुद्द्यावर आला.

"सर, बी.ए. करून पगार किती भेटतो?"

चौतीस वर्षे शाळेत शिकवले. मुलांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिले नाही असे फार थोड्या वेळा झाले असेल. परवा मात्र मी गप्प बसलो. कारण हाच प्रश्न याच माणसाने मला २०१६ साली विचारला होता, मोठ्या मुलाच्या वेळी, आणि तेव्हा मी ताडकन उत्तर दिले होते. "इंजिनिअरिंगला घाल. कर्ज काढावे लागले तरी काढ. नोकरी लागली की दोन-तीन वर्षांत फिटेल." हे शब्द माझेच.

त्याने माझे ऐकले. सहा लाखांचे कर्ज, दर वर्षी दीड लाख उचल. सहकर्जदार म्हणून बापाची सही. महाविद्यालय खाजगी, त्याच्या दाराशी '१०० टक्के प्लेसमेंट' असा भला मोठा फ्लेक्स. नाव घेत नाही, कारण असे एकच महाविद्यालय आहे असे नाही. पोरगा हुशार होता, चार वर्षांत पास झाला. शेवटच्या वर्षी कंपनीचे पत्रही मिळाले. ते साल होते २०२०. पत्र देणाऱ्या कंपनीने आधी तारीख पुढे ढकलली आणि मग विषयच संपवला. पुढे तो एका कारखान्यात कंत्राटदाराच्या हाताखाली लागला, चौदा हजारांवर. आज एकोणीस हजार मिळतात. मधल्या काळात व्याज चढून सहा लाखांचे सव्वाआठ लाख झाले होते. पंधरा वर्षांची मुदत करून घेतली तेव्हा हप्ता महिना नऊ हजार चारशेवर आला. हे कर्ज २०३६ साली फिटेल. तेव्हा तो अडतीस वर्षांचा असेल. लग्नाचा विषय घरात कोणी काढत नाही.

आणि महाविद्यालयाच्या 'प्लेसमेंट' झालेल्या मुलांच्या फलकावर त्याचे नाव अजून आहे! फोटोसकट.

मंडळी, हे सगळे सांगण्याचे कारण असे की पदवीनंतर पगार किती, यावरून महाविद्यालयाची लायकी ठरवायची ही रीत आता नुसती बापांची राहिलेली नाही. ती सरकारची झाली आहे. केंद्र सरकारने २०१५ साली एनआयआरएफ नावाची क्रमवारी ठरवली आणि २०१६ पासून दर वर्षी तिच्या याद्या निघतात. अध्यापन, संशोधन, समावेशकता, लोकांचे मत असे बरेच रकाने त्यात आहेत. त्यात 'पदवीनंतरचे फलित' असाही एक रकाना आहे, आणि महाविद्यालये, अभियांत्रिकी, व्यवस्थापन अशा गटांत त्याच्या पोटात एक घटक आहे तो म्हणजे पदवीधरांच्या पगाराचा मध्यक. सगळे गुण पगाराला नाहीत हे मी मान्य करतो. पण लोकांच्या लक्षात राहतो तो हाच आकडा, आणि जाहिरातीत छापला जातो तोही हाच.

एवढ्यावर थांबले असते तरी मी लिहायला बसलो नसतो. याद्या निघतात, विसरल्या जातात. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली. तारणाशिवाय, जामिनाशिवाय शैक्षणिक कर्ज, साडेसात लाखांपर्यंत सरकारची हमी, ठरावीक उत्पन्नाखालच्या कुटुंबांना व्याजात सवलत. ऐकायला उत्तम. मात्र ही सोय कोणत्याही महाविद्यालयात जाणाऱ्यासाठी नाही. ती क्रमवारीच्या आधारे निवडलेल्या संस्थांसाठी आहे. सुरुवातीला अशा ८६० संस्था होत्या. आता दुसरा आकडा बघा. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीनुसार देशात ११६८ विद्यापीठे आणि ४५,४७३ महाविद्यालये होती. म्हणजे सवलतीच्या कर्जाचे दार पन्नासात एका ठिकाणी उघडे. बाकीच्यांनी बँकेच्या नेहमीच्या खिडकीशी उभे राहायचे.

सरकारचे म्हणणे असेल की पैसा चांगल्या ठिकाणी जावा म्हणून ही काळजी घेतली. वरवर पटण्यासारखे आहे. पण ज्या संस्थेत आधीच प्राध्यापक आहेत, प्रयोगशाळा आहे, नाव आहे, पुणे-मुंबईच्या कंपन्या दाराशी येतात, तिच्याच विद्यार्थ्याला स्वस्त कर्ज. आणि जिथे पेण, रोहा, सुधागडच्या वाड्या-पाड्यांतली पोरे येतात, जिथे मंजूर जागा रिकाम्या पडल्यात आणि तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे धावतो, तिथल्या विद्यार्थ्याला ती सवलत नाही. आधी महाविद्यालयाला उपाशी ठेवायचे आणि मग त्याची ताकद मोजायची, असा हा न्याय झाला.

आता त्या मध्यकाकडे येऊ. माझे विषय मराठी आणि इतिहास. पण गणिताचे सर रजेवर गेले की त्यांच्या तासाला मला जावे लागे, त्यामुळे मध्यक मीही शिकवला आहे. संख्या चढत्या क्रमाने मांडा, मधली उचला, झाला मध्यक. पण कोणत्या संख्या मांडायच्या हे आधी कोणी ठरवायचे? समजा, एका वर्गात साठ मुले आहेत. दहांना नोकरी लागली, बऱ्या पगाराची. दुसऱ्या महाविद्यालयात साठांपैकी पन्नासांना लागली, मध्यम पगाराची. फक्त नोकरी लागलेल्यांचे पगार मांडले तर पहिल्याचा मध्यक वर आणि दुसऱ्याचा खाली. ज्याने पन्नास घरांत चूल पेटवली तो मागे पडला. नोकरी किती टक्क्यांना लागली याचे गुण वेगळे मिळतात, हे खरे. पण फ्लेक्सवर कोणता आकडा येतो ते तुम्हीच सांगा.

शिवाय पगार हा मुलाच्या शिक्षणाचा असतो की गावाचा? नागोठण्याला पेट्रोकेमिकलचा कारखाना आहे, रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी आहे. इथे शिकलेला मुलगा इथेच राहिला तर त्याला इथला, बहुधा कंत्राटातला पगार मिळणार. तोच मुलगा हिंजवडीला गेला तर दुप्पट. महाविद्यालय तेच, शिक्षक तेच, पुस्तके तीच. मग वाढलेला पगार कोणाच्या खात्यावर जमा करायचा?

पेण तालुक्यात हमरापूर, जोहे या बाजूला जा. घराघरांत गणपतींचे कारखाने. माझे काही विद्यार्थी बी.कॉम. होऊन वडिलांच्या कारखान्यात बसले. हिशेब सुधारला, परराज्यांत माल जाऊ लागला, हाताखाली पंधरा-वीस माणसे आहेत. यांना पगार किती? शून्य. कारण ते पगार घेत नाहीत, देतात. पगाराच्या आकड्यात ते कुठेच नाहीत.

आणि बायका? महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केले तेव्हा पहिल्या तुकडीत मुली होत्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शिक्षण मराठीतून. त्या वेळी कोणी क्रमवारी काढली असती आणि पदवीधरांचा पगार विचारला असता तर ते विद्यापीठ पहिल्याच वर्षी तळाला गेले असते. त्यातून बाहेर पडलेल्या कितीतरी बायकांनी आयुष्यात पगाराच्या पावतीवर सही केली नसेल. पण त्यांच्या घरात पुढच्या पिढीतली मुलगी शाळेत गेली की नाही, हे जाऊन बघायला हवे होते. विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० साली त्या विद्यापीठाला पंधरा लाख रुपये दिले. आधी मध्यक दाखवा, असे त्यांनी म्हटल्याचे मी तरी वाचलेले नाही.

आमच्या निडीला दोन बाजूंनी दोन मोठ्या माणसांचा शेजार आहे. एका बाजूला पेण तालुक्यातले गागोदे. तिथे सप्टेंबर १८९५ मध्ये विनोबा जन्मले. दुसऱ्या बाजूला रोहा. तिथल्या देशमुखांच्या घराण्यातले चिंतामणराव, म्हणजे सी. डी. देशमुख, जानेवारी १८९६ मध्ये महाडजवळच्या नात्याला जन्मले. दोघांत जेमतेम चार महिन्यांचे अंतर. चिंतामणराव १९१२ च्या मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून पुढे केंब्रिजला गेले, आय.सी.एस. झाले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले. विनोबा बडोद्याच्या महाविद्यालयात शिकत होते. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघाले आणि सुरतेला उतरून काशीला गेले. त्याआधीच आपली प्रमाणपत्रे त्यांनी चुलीत घातली होती.

आता बडोद्याच्या त्या महाविद्यालयाने क्रमवारीसाठी माहिती भरायची म्हटली तर विनोबांचे काय लिहिले असते? 'शिक्षण अर्धवट सोडले, उत्पन्न नाही.' झाले! भूदानात मिळालेल्या लाखो एकरांना त्या अर्जात जागा नाही.

मला जास्त विचार करायला लावतात ते चिंतामणराव. रुपया म्हणजे काय हे त्या माणसाइतके कोणाला कळत होते? आणि हाच माणूस १९५६ ते १९६१ विद्यापीठ अनुदान आयोगाचा अध्यक्ष होता, पुढे दिल्ली विद्यापीठाचा कुलगुरू झाला. मेघदूताचा मराठी पद्यानुवादही याच माणसाचा. त्यांच्या आयोगाच्या नावातच एक शब्द आहे, अनुदान. विद्यापीठाला सरकारने द्यायचे ते अनुदान. विद्यार्थ्याने बँकेकडून घ्यायचे ते कर्ज. एवढ्या वर्षांत आपण पहिल्या शब्दाकडून दुसऱ्या शब्दाकडे कधी सरकलो हे कोणाच्या लक्षातही आले नाही.

माझे स्वतःचे सांगतो. मी अलिबागला खोली घेऊन बी.ए. झालो, मराठी माध्यमातून. तेव्हा रेल्वे इकडे आलीच नव्हती, एसटीचाच आधार. वडील दुसऱ्याची भातशेती करत. फी भरायची ऐपत नव्हती, पण ईबीसीची सवलत होती. त्यावर मी शिकलो. मी पास होईन की नापास, मला नोकरी लागेल की नाही, याची जोखीम तेव्हा सरकारने घेतली होती. मी नापास झालो असतो तर सरकारची थोडी फी बुडाली असती. माझ्या बापाला कोणी नोटीस पाठवली नसती. शाळेतला माझा पहिला पगार तीनशेच्या आत होता. तो सगळा घरात गेला, बँकेत नाही. धाकट्या भावाचे शिक्षण त्यावर झाले.

आज ती जोखीम अठरा वर्षांच्या पोराच्या आणि रिक्षावाल्या बापाच्या सहीवर आहे. महाविद्यालयाने फी घेतली, ते मोकळे. बँकेला सरकारची हमी किंवा बापाची सही. कंपनीने पत्र मागे घेतले, तिला कोणी विचारत नाही. जो सर्वांत कमी ताकदीचा तोच सगळे ओझे घेऊन उभा.

गरिबाच्या शिक्षणाचा प्रश्न आपल्याकडे आधी कोणाला पडला नव्हता असे नाही. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या 'कमवा आणि शिका'मध्ये मुलगा शेतात राबे, दगड फोडे आणि शिके. बाहेर पडताना त्याच्या डोक्यावर देणे नसे. बाबासाहेबांना १९१३ साली सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली तीही अटीवर, परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी. १९१७ साली ते बडोद्याला गेलेही. पण राहायला जागा कोणी देईना, थोड्याच दिवसांत परतावे लागले. जगातल्या उत्तम विद्यापीठांत शिकलेल्या माणसाला जातीमुळे पगारावर टिकता आले नाही, हा दोष कोलंबिया विद्यापीठाचा म्हणायचा का? त्याच बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि वर्ग सकाळी ठेवले, दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून. मुले येतात कुठून हे आधी पाहिले आणि मग घड्याळ लावले. क्रमवारीला ते घड्याळ दिसेल का?

हे खूळ एकट्या आपल्याकडचे नाही. अमेरिकेत २०१५ साली सरकारने प्रत्येक महाविद्यालयातून निघालेल्यांची कमाई आणि कर्ज लोकांसमोर मांडले. २०२५ च्या कायद्याने पुढचे पाऊल टाकले. पदवीधरांची कमाई नुसत्या शाळा शिकलेल्यांपेक्षा कमी असेल तर त्या अभ्यासक्रमाला सरकारी कर्ज बंद करायचे. इंग्लंडमध्येही २०२३ साली तेव्हाच्या पंतप्रधानांनी कमी कमाईच्या पदव्यांवर हत्यार उपसले. पण अमेरिकेतले एक मला आवडले. निदान कर्ज तरी ते मोजतात आणि कमाईच्या शेजारी छापतात. आपल्याकडे पगाराचा मध्यक आहे, कर्जाचा मध्यक मात्र मला कुठल्याच फ्लेक्सवर दिसला नाही.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजींना पेन्शन आहे, त्यांना पगाराची कसली चिंता. हे मला परवा तोंडावरच ऐकावे लागले. मी त्याला यातले थोडेसे सांगू लागलो तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "सर, पटतं. पण हप्ता तुम्ही नाही भरत."

याला उत्तर नाही. आणि म्हणून मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे. पगार किती मिळेल हे विचारणारा बाप चुकत नाही. त्याला तो हक्क आहे. त्याच्या घरात महिन्याला किती तांदूळ लागतो हे त्याला माहीत आहे. शिक्षण ज्ञानासाठी असते, असे त्याला ऐकवणारे बहुतेक लोक पोट भरलेले असतात. माझी तक्रार सरकारविरुद्ध आहे. बापाने भीतीपोटी विचारलेला प्रश्न सरकारने धोरण म्हणून उचलला. सरकारचे काम ती भीती कमी करण्याचे होते. घराजवळचे महाविद्यालय इतके चांगले ठेवायचे की कर्ज काढून लांब जावे लागू नये. ते न करता सरकारही बापाच्या शेजारी उभे राहून विचारते, पगार किती भेटतो?

माझ्या मते करायचे काय ते सांगतो. पगार छापायचा तर कर्जही छापा, त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत. ज्या महाविद्यालयाची मुले देणे न घेता बाहेर पडतात त्याला त्याचे गुण द्या. सवलतीचे कर्ज महाविद्यालयाचा नंबर बघून देऊ नका, मुलाची गरज बघून द्या. तालुक्याच्या महाविद्यालयांतल्या रिकाम्या जागा पूर्ण पगारावर भरा. महाराष्ट्र सरकारने २०२४ पासून ठरावीक गटांतल्या, आठ लाखांच्या आतल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. चांगले केले. पण फी माफ झालेल्या वर्गात शिकवायला माणूसही हवा. आणि मोजायचेच असेल तर मूल आत आले तेव्हा कुठे होते आणि बाहेर पडले तेव्हा कुठे पोचले हे मोजा. ज्याच्या घरात पहिल्यांदा पदवी आली त्याचे मोजमाप बंगल्यातून आलेल्या मुलाच्या पट्टीने करू नका.

असो. परवाच्या संध्याकाळकडे येतो. बाप हातपाय धुवायला मागे गेला तेव्हा मी मुलीला विचारले, भूगोलच का? तिची आजी पेण तालुक्यात खाडीकाठच्या गावची. तिथे बांध फुटून खारे पाणी शेतात शिरते आणि भातशेती वाया जाते. ती म्हणाली, "दर वेळी मातीच टाकतात सर, आणि दर वेळी तिथंच फुटतो. तिथंच का फुटतो ते कुणी बघत नाही." बारावीची मुलगी! चौतीस वर्षांत इतका नेमका प्रश्न वर्गात मला फार कमी वेळा ऐकायला मिळाला.

तिला मी म्हणालो, शिक. बापाला म्हणालो, तालुक्यालाच घाल. फी तुला झेपेल, कर्ज काढू नकोस, एक रुपयाही नाही. पगार किती मिळेल हे मला सांगता येत नाही. मागच्या वेळी मी सांगितले होते आणि चुकलो होतो. या वेळी चुकलो तर ती घरी असेल, शिकलेली असेल आणि देणेकरी नसेल. एवढेच मी आज खात्रीने बोलू शकतो.

तो काही बोलला नाही. जाताना रिक्षा सुरू करता करता म्हणाला, "मोठ्याला पण एकदा भेटा सर. तुमच्याशी बोलेल."

रविवारी जाणार आहे. त्याच्यापुढे बसून काय बोलायचे याचा विचार मात्र अजून संपलेला नाही.